पहिलं प्रदर्शन, सात आठवडे हातात: मग, वाट्या, बरण्या विकण्याजोग्या आहेत हे कसं तपासू?

ओली_माती
ठाण्यात असते, हौस म्हणून कुंभाराच्या चाकावर मातीची भांडी करते. दिवाळीआधीच्या दोन दिवसांच्या हस्तकला प्रदर्शनात सहा फुटी टेबल मिळालंय. माती स्टोनवेअर (जास्त तापाला भाजायची घट्ट माती), ग्लेझ म्हणजे वरचा काचेसारखा थर कोन ६ चं (साधारण १२२० अंश सेल्सिअसला पिकणारं), विजेची भट्टी भाड्याची. सध्या २२ मग, १० वाट्या आणि ४ झाकणाच्या बरण्या तयार आहेत. पाच-सहा मगांच्या ग्लेझवर बारीक जाळी दिसते. दोन वाट्यांत रात्रभर पाणी ठेवलं तर सकाळी खालचा कागद ओला होतो. असा माल ठेवावा का? आणि आणखी काय, किती करावं?

कोन_सहा
जाळीचे मग आणि पाझरणाऱ्या वाट्या खाण्यापिण्यासाठी विकू नका. पण नुसत्या बाजूला काढून भागणार नाही, कारण बाकीचा मालही त्याच भट्टीतून आलाय.

वाटी पाझरते म्हणजे माती पुरती पिकलेली नाही. तिच्या अंगात सूक्ष्म पोकळ्या राहिल्यात आणि वरच्या ग्लेझने त्या कायमच्या बंद होत नाहीत. किती राहिल्यात ते मोजता येतं. त्याच भाजणीतलं, ग्लेझ न लावलेलं एक खापर कोरडं असताना वजन करा, ५ तास उकळा, त्याच पाण्यात रात्रभर राहू द्या, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचं २०३ झालं तर शोषण १.५ टक्का, म्हणजे ठीक. २१० झालं तर ५ टक्के. असा मग मायक्रोवेव्हमध्ये कानापाशी चटका देईल आणि बुडाखाली डाग पडतील.

भाड्याच्या भट्टीत डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका. वरच्या आणि खालच्या फळीवर आपला माल असेल तिथेच कोन ६ चा एकेक कोन, म्हणजे ठरावीक तापाला वाकणारा मातीचा छोटा सुळका, उभा करा. वरचा वाकला आणि खालचा वाकलाच नसेल तर दोष भट्टीच्या तापमानातल्या फरकाचा आहे. शेवटी १०-१५ मिनिटं ताप धरून ठेवायला सांगा. मात्र एकदम जास्त तापवलं तर मातीला फोड येतात, म्हणून आधी एक-दोन नग घालून बघा.

आता जाळी. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, ताण सहन होत नाही आणि तडकतं. ग्लेझमध्ये सोडियम-पोटॅशियम जास्त आणि सिलिका कमी असली की असं होतं. सिलिका ३ ते ५ टक्के वाढवून चाचणीच्या टाइल भाजा. जाळी पडलेला मग नुसता पुन्हा भाजून सुधारत नाही, जाळी परत येते. आज स्वच्छ दिसणारे मगही महिन्याभराने तडकू शकतात. म्हणून प्रत्येक ग्लेझचा एक नग ३ तास फ्रीजरमध्ये ठेवा, बाहेर काढून सिंकमध्ये लगेच उकळतं पाणी ओता, असं तीनदा करा आणि शाई फासून पुसा. जाळी असेल तर शाई दाखवते.

याच्या उलट दोष म्हणजे काठावर, कानाच्या कडेला ग्लेझचे टवके उडणं. तो धोकादायक आहे, टवका चहातून पोटात जातो. तो सगळा घाणा फोडून टाका.

रंगीत ग्लेझवर लिंबाची फोड २४ तास ठेवा. खाली रंग उतरला किंवा चमक गेली तर ते ग्लेझ आतून लावायचं नाही. तांब्याचे हिरवे रंग आणि मॅट ग्लेझ यात जास्त अडकतात. लिंबाने शिसं मात्र कळत नाही. ग्लेझ विकत घेतलं असेल तर शिसं नसल्याचं लेखी मागा, शंका असेल तर प्रयोगशाळेत द्या.

खापर
वेळेचा हिशेब शेवटाकडून लावा. शेवटची ग्लेझ भाजणी प्रदर्शनाच्या किमान १० दिवस आधी निघाली पाहिजे. पावसाळी हवेत जाड बूड आठवड्यातही सुकत नाही. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत पाणी आहे. तशीच भट्टीत गेली तर वाफ होऊन वस्तू फुटते आणि शेजारच्यांनाही घेऊन जाते. बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या, आधी ८०-९० अंशांवर ४-६ तास ठेवायला सांगा.

नवे मग आता नकोत. पणत्या आणि उदबत्तीची घरं करा, दिवाळीत लोक हेच उचलतात. पणतीला आतून ग्लेझ हवं, नाहीतर तेल झिरपून ओटा तेलकट होतो. उदबत्तीचं भोक ओल्या मातीत ४ मिलिमीटरचं पाडा. १२ टक्के आकसल्यावर साडेतीन राहतं, आणि ग्लेझ भोकात जाऊ द्यायचं नाही. एकूण ७० नग पुरेत, त्यातले निम्मे ३०० रुपयांच्या आतले.

प्रत्येक बूड २२० आणि मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाण्यात बुडवून घासा. कोरडं घासलं तर सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते. शेवटी टिचकी मारा: बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा आहे.

उंच_फळी
किंमत ठरवताना बिस्क आणि ग्लेझ दोन्ही भाजण्यांचं भाडं धरा. १०० पैकी ८५ नग धड निघाले तर सगळा खर्च ८५ वर वाटा. टेबलाचं भाडं आणि स्वतःचे तास विसरू नका, हौशी लोक नेमकं तेच विसरतात.

भरताना मगात कागद कोंबा, कानाभोवती वेगळी गुंडाळी द्या, थाळ्या उभ्या ठेवा. खोका हलवल्यावर खडखड झाली तर पुन्हा भरा. १२ किलोंपेक्षा जड खोका नको. सुटे पैसे न्या, क्यूआर कोड छापून न्या.

ओली_माती
खूप आभार. बरण्यांचं काय? लोणच्यासाठी चालेल का, असं विचारणारच.

कोन_सहा
विचारणारच, आणि लोणचं ही सगळ्यात कठीण परीक्षा आहे: मीठ, आंबट आणि तेल महिनोन्‌महिने मुरत राहतं. आत जाळी नसलेलं, चकचकीत, रंग नसलेलं ग्लेझच हवं. चारही बरण्यांत मिठाचं दाट पाणी भरून आठवडाभर कागदावर ठेवा. बाहेरून पांढरं मीठ फुललं तर त्या बरण्या कोरड्या मसाल्यासाठी, आणि तसं चिठ्ठीवर लिहून लावा.