मदत हवी आहे: तलफ कमी करण्यासाठी व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) उपचार, भावाने घ्यावेत का?

माझा धाकटा भाऊ गर्दच्या व्यसनातून बाहेर पडतोय. टर्कीचे, म्हणजे नशा थांबल्यावर अंग मोडून निघण्याचे दिवस सरले, ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधाची जिभेखालची गोळी नियमित चालू आहे, झोप आणि भूक परत आली. तलफ मात्र गेलेली नाही. बरेच दिवस शांततेत जातात, मग एखाद्या जुन्या मित्राचा फोन वाजतो किंवा कुठे चुरगळलेली चांदी (गर्द ओढायला वापरतात तो चकचकीत कागद) दिसते, आणि त्याचा चेहराच बदलतो. हातांना घाम सुटतो, पोटात ढवळतं, कुणाशी बोलणं नको होतं.

आता उपचार केंद्राने व्हीआर सुचवलं आहे. हेडसेट लावून त्याला मुद्दाम तशाच आभासी जागी न्यायचं: अर्धवट अंधारी खोली, समोर चांदी आणि लायटर, बाजूला ओढत बसलेली माणसं. तलफ शून्य ते दहामध्ये किती, ते तो सांगत राहणार आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबणार. समुपदेशक शेजारी असतील. पुढच्या सत्रांत त्याच दृश्यात नकार देण्याचा सराव आहे.

तर्क मला कळतो. पावलोवच्या प्रयोगातल्या कुत्र्याला अन्नाआधी घंटा ऐकून घंटेलाच लाळ सुटू लागली; पण घंटा वाजत राहिली आणि अन्न आलंच नाही, तर ती लाळ हळूहळू थांबते, तसंच हे. पण ज्या गोष्टींपासून आम्ही त्याला जिवापाड लांब ठेवलं, त्याच डोळ्यांसमोर आणून तलफ पेटवायची आणि मग त्याला घरी जा म्हणायचं? वाटेत काय झालं तर?

दुसरं म्हणजे, तो फार उत्साहात आहे. "हे जमलं की गोळी बंद," असं म्हणतो. याची मला जास्त धास्ती वाटते.

मी शोधाशोध केली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारांना परवानगी देणारी सरकारी संस्था) एका व्हीआर उपचाराला मंजुरी दिली, पण ती जुनाट कंबरदुखीसाठी. व्यसनाबद्दल वाचावं तिथे एक तर जाहिरात, नाही तर समजायला जड शोधनिबंध. कुणी हे जवळून पाहिलं असेल तर कृपया सांगा. होकार द्यायचा की थांबायचं, हे आम्हाला लवकर ठरवायचं आहे.

प्रतिसाद १

ताई, मी व्यसनमुक्तीत काम करणारा मानसशास्त्रज्ञ आहे. गोळीचं आधी सांगतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे. व्हीआर ब्युप्रेनॉर्फिनची जागा घेऊ शकत नाही. या औषधाने गर्दसारख्या अफूवर्गीय व्यसनातले मृत्यू कमी होतात, हे पक्कं माहीत आहे. गोळी सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते, आणि मग पूर्वीच्याच मात्रेने श्वास थांबू शकतो. घरात नॅलोक्सोन (जास्त मात्रेने श्वास थांबू लागला तर द्यायचं उताऱ्याचं औषध) ठेवता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा.

आता तलफ. नुसतं लांब ठेवल्याने ती विझतेच असं नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की नशा थांबल्यावर सुरुवातीचे काही आठवडे नशेची आठवण देणाऱ्या खुणा दिसताच येणारी ओढ वाढत जाते. म्हणून तिला सामोरं जायला शिकवतात. पूर्वी हे फोटो आणि व्हिडिओ दाखवून व्हायचं. २००२ मध्ये कॉंक्लिन आणि टिफनी यांनी अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा भरवशाचा फायदा दिसला नाही. एक मोठं कारण असं, की दवाखान्यातल्या खोलीत विझलेली तलफ बाहेरच्या गल्लीत पुन्हा पेटते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, आणि नवं शिकलेलं त्या जागेला चिकटून राहतं. व्हीआरचा खरा उपयोग इथे आहे: एकाच सत्रात खोली, जिना, गाडी, पार्टी अशा कितीतरी जागा बदलता येतात.

ह्यूस्टन विद्यापीठात पॅट्रिक बॉर्डनिक यांनी सिगारेट आणि दारूवर यातलं बरंच काम केलं. व्हीआरने तलफ जागते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. पण त्यामुळे माणूस महिनोन्महिने नशेपासून दूर राहतो, याचे पुरावे अजून कमी आहेत, गर्दच्या बाबतीत तर फारच. औषध आणि समुपदेशनाला जोड म्हणून मी होकार देईन, एकट्या व्हीआरला नाही.

केंद्राला विचारा: आकडा वर असताना वेळ संपली तर काय करता? "सत्र संपलं, घरी जा" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नका. तलफ उतरल्यावरच हेडसेट काढायचा, पुढे काही वेळ समुपदेशकाजवळ बसायचं आणि घरी जाताना सोबत कुणीतरी हवं. भावाला फिट्सचा त्रास असेल तर तेही आधीच सांगा.

प्रतिसाद २

मी दारूसाठी ही सत्रं घेतली आहेत. पहिल्या वेळी तलफेपेक्षा हेडसेटच्या गरगरण्यानेच हैराण झालो, ते नंतर कमी झालं. खरा त्रास संध्याकाळी व्हायचा, डोक्यात तेच दृश्य फिरत राहायचं. बायको त्या संध्याकाळी घरीच थांबायची, फोन तिच्याकडे असायचा. सत्र सकाळचं घ्या. आणि तयार दृश्यातला बार मला परका वाटला, काहीच झालं नाही. ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज घातला तेव्हा आकडा एकदम आठवर गेला.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. गोळी चालूच राहील, हे आज भावासमोर डॉक्टरांशी बोलून पक्कं केलं. सकाळची वेळ मागितली आहे, आणायला मी स्वतः जाईन. बर्फाच्या आवाजावरून सुचलं: भावाला सगळ्यात जास्त त्रास त्या एका मित्राच्या रिंगटोनचा होतो. तोच आवाज दृश्यात घालायला सांगावा का? आणि घातला तर पहिल्याच सत्रात, की थोडा सराव झाल्यावर?