अडचण भीतीची कमी, अजाणतेपणाची जास्त

रस्त्यावर अपघात दिसला तरी लोक मदतीला का थांबत नाहीत, तर पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून, असं म्हणतात. ते बरोबर आहे. पण माझं पाऊल अडायचं ते वेगळ्या कारणाने. थांबून नेमकं करायचं काय, हेच ठाऊक नसायचं.

प्रथमोपचाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि पुढे काही महिन्यांनी खंबाटकी घाटाच्या अलीकडे एक मुलगा दुचाकीवरून पडलेला दिसला. मांडीतून रक्त वाहत होतं, भोवती वीसेक माणसं, त्यातला एक जण पाणी पाजायला निघालेला. त्याला थांबवलं. ओढणीची घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरली आणि सारखी उचलून बघितली नाही. 'कुणीतरी फोन करा' म्हटलं की कुणीच करत नाही, हे शिकवलेलं आठवलं, म्हणून निळ्या शर्टवाल्या दादांकडे बोट दाखवून म्हटलं, "तुम्ही 108 लावा." त्यांनी लगेच लावला. त्या गर्दीतही मदत करायची इच्छा होतीच की!

राहिला कायद्याचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 134अ हे कलम आलंय. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हेही त्याच्याच मर्जीवर. हे प्रशिक्षणातच सांगायला हवं, अगदी पहिल्या तासाला.

छातीदाब, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दोन्ही हातांनी दाबत राहणं (सीपीआर), मात्र नुसता वाचून येत नाही. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. प्रशिक्षणातल्या पुतळ्यावर केल्याशिवाय किती जोर लागतो ते कळतच नाही. आम्ही सोसायटीत दर सहा महिन्यांनी उजळणी ठेवतो.