काँग्रेसचे दोन भाग कोणते?

आईच्या अमेरिकन नागरिकत्वाची मुलाखत जवळ आली आहे. वय ६८, ग्रीन कार्ड मिळून १६ वर्षं झाली. वयाची ५५ आणि ग्रीन कार्डावरच्या वास्तव्याची १५ वर्षं पूर्ण झालेल्यांना इंग्रजीच्या परीक्षेतून सूट असते. नागरिकशास्त्राची तोंडी उत्तरं आपल्या भाषेत दिलेली चालतात, दुभाषा मात्र आपणच न्यायचा. म्हणून घरात सध्या मराठीतून उजळणी चालू आहे. काल मी विचारलं, "काँग्रेसचे दोन भाग कोणते?" आई ताडकन म्हणाली, "इंदिरा काँग्रेस आणि रेड्डी काँग्रेस." १९७८ साली आपली काँग्रेस फुटली तेव्हा ती कॉलेजात होती, तिला तरी काय बोलणार!

तर मंडळी, मदत करा. शासनाच्या 'शाखा' म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर बँक येते. 'चेक्स अँड बॅलन्सेस'साठी मी 'नियंत्रण व संतुलन' सांगितलं, तर ते तिला योगासनांतलं काहीतरी वाटलं. आणि महाभियोग म्हणजे अध्यक्षाची हकालपट्टी, यावर ती ठाम आहे.

* * *

काकूंचं उत्तर मला फार आवडलं.

'शाखा' सोडून द्या. शासनाची तीन अंगं म्हणा: कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. हे शब्द त्यांनी शाळेत घोकलेले असणार, नुसते जागे करायचे आहेत. काँग्रेसला काँग्रेसच राहू द्या, फक्त दर वेळी 'अमेरिकेची' जोडा. 'संसद' म्हणायचा मोह होईल, पण आपल्या संसदेत राष्ट्रपती हा घटक धरलेला आहे आणि मंत्रीही तिथेच बसतात. तिकडे दोन्ही नाही. दोन भाग म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधिगृह, सदस्य १०० आणि ४३५. (सिनेट म्हटल्यावर काकूंना विद्यापीठाच्या निवडणुका आठवल्या तर माझी जबाबदारी नाही.)

'नियंत्रण'ऐवजी 'अंकुश' घ्या. तिन्ही अंगांचा एकमेकांवर अंकुश. अध्यक्ष विधेयक नाकारू शकतो, काँग्रेस दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवून तो नकार मोडून काढू शकते, आणि झालेला कायदा न्यायालय घटनाबाह्य ठरवू शकतं. एवढं कळलं की झालं.

* * *

मी बरीच वर्षं एका दैनिकात आंतरराष्ट्रीय पान लावत होतो, त्यामुळे महाभियोगावर बोलायचा थोडा हक्क आहे.

घोटाळा त्या 'महा'नं केला आहे. अभियोग म्हणजे आरोप, फिर्याद. सरकारी वकिलाला आपण अभियोक्ता म्हणतोच. त्याला 'महा' लागलं की वाचणाऱ्याला वाटतं, निकाल लागला. डिसेंबर २०१९ मध्ये आम्ही 'ट्रम्प यांच्यावर महाभियोग' असा मथळा दिला आणि दुसऱ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला, "मग आता नवे अध्यक्ष उपाध्यक्ष पेन्सच ना?" त्याचं काय चुकलं? मथळ्यानं त्याला तेच सांगितलं होतं.

प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रतिनिधिगृह साध्या बहुमतानं आरोप ठेवतं, म्हणजे आपल्याकडचं दोषारोपपत्र समजा. मग सिनेटसमोर खटला उभा राहतो आणि दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांच्या विरोधात ३५ आणि बाजूनं १९ मतं पडली. ३६ हवी होती, एका मतानं ते वाचले. क्लिंटन एकदा, ट्रम्प दोनदा, सगळे सिनेटमध्ये सुटले. आणि गंमत अशी की ज्यांना जावं लागलं त्या निक्सन यांच्यावर महाभियोग झालाच नाही. सभागृहात मतदान व्हायच्या आधी, ऑगस्ट १९७४ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला.

तेव्हा आईंना दोन शब्द द्या: गृहात 'दोषारोप', सिनेटमध्ये 'खटला'. महाभियोग हे त्या सगळ्या प्रकरणाचं नाव.

* * *

दादा, पान लावत होतात तर 'वटहुकूम'ही तुमच्याच खात्यावर! अध्यक्षानं एखादा कार्यकारी आदेश काढला की मराठी बातमीत हमखास 'वटहुकूम जारी'. आपला वटहुकूम हा अधिवेशन नसताना काढलेला तात्पुरता कायदाच असतो. अमेरिकेच्या अध्यक्षाला कायदा करता येत नाही. १९५२ मध्ये ट्रुमन यांनी पोलाद कारखाने अशाच आदेशानं ताब्यात घेतले आणि सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ नं तो आदेश रद्द केला.

* * *

मान्य, तो मीही लिहिला आहे. रात्री साडेअकराला 'कार्यकारी आदेश' मथळ्यात मावत नाही हो.

'सचिव'चं मात्र आम्ही बरोबर केलं. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट' किसिंजर यांना 'सचिव' म्हटलं असतं तर वाचकाला मंत्रालयातला फायली हलवणारा आयएएस दिसला असता. म्हणून परराष्ट्रमंत्री. पण तिथेही एक खोच आहे. आपल्याकडे मंत्री झालेल्यानं सहा महिन्यांत खासदार व्हावं लागतं, तिकडे मंत्री व्हायचं तर काँग्रेसचं सदस्यत्व सोडावं लागतं. हिलरी क्लिंटन यांनी २००९ मध्ये सिनेटची जागा सोडली ती त्यासाठीच.

* * *

एक राहिलं: 'सरकार'. शटडाऊनच्या बातम्या आल्या की माझे सासरे विचारतात, "पडलं का सरकार?" तिकडे सरकार पडत नाही. अविश्वास ठराव नावाची चीजच नाही, अध्यक्षाची चार वर्षं ठरलेली. खर्चाची मंजुरी संपली की कचेऱ्या बंद होतात, पगार थांबतात. डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस तसं चाललं होतं. 'सरकारी कामकाज ठप्प' हेच बरोबर.

* * *

सगळ्यांचे आभार. यादी करून दुभाषा होणाऱ्या मावसभावाला पाठवली आहे. 'अंकुश' आईला एकदम पटला. राष्ट्रपती म्हणायचं की राष्ट्राध्यक्ष, यावर मात्र अजून वाद चालू आहे. टीव्हीवरच्या हिंदी बातम्यांमुळे तोंडात राष्ट्रपती बसलं आहे. मी म्हटलं, आपले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं सही करतात, इथं हाच माणूस कारभार चालवतो. तिनं ऐकून घेतलं आणि नवाच प्रश्न काढला: "मग विरोधी पक्षनेता कुठं बसतो?"

* * *

काकूंना सांगा, तसं पदच नाही. दोन्ही सभागृहांत अल्पमतातल्या पक्षाचा आपापला नेता असतो, बस्स. आणि त्याला मराठी शब्द विचारू नका म्हणावं, मुलाखत होईपर्यंत तरी.