मदत हवी आहे: पोर्शे ९४४ चा ओडोमीटर (एकूण मैल मोजणारा आकडा) बंद, स्पीडोमीटर चालू

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे १९८७ ची पोर्शे ९४४ आहे, साधी २.५ लिटरची, टर्बो नाही. शेजारच्या आजोबांकडून घेतली. गाडीबरोबर त्यांनी एक वही दिली. पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक ऑइल, प्रत्येक पट्टा, तारीख आणि मैल, सगळं त्यांच्या हातचं. ती वही मी पुढे चालवतोय आणि आता तीच अडली आहे.

झालं असं. मागच्या महिन्यात पंपावर पेट्रोल भरून घेतलं आणि गाडी हलल्यावर आठवलं म्हणून ट्रिपचं, म्हणजे एका फेरीचे मैल दाखवणारा वेगळा आकडा शून्यावर आणायचं, बटण दाबलं. एक बारीक 'कट्' आवाज आला. घरी आल्यावर पाहिलं तर ट्रिप शून्यावरच, आणि मुख्य आकडा ८८,४१२ वर. शेवटचा २ अर्धवट वर सरकून ३ ची कड दिसतेय, तिथेच अडकलाय. स्पीडोमीटरची सुई मात्र व्यवस्थित चालते.

किंमत कमी होईल याची मला काळजी नाही. पण या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. आजोबा ३०,००० मैलांना बेल्ट बदलायचे, शेवटचा ६१,००० ला बदललाय. म्हणजे वेळ जवळ आलीय आणि मोजमापच नाही. सध्या फोनच्या जीपीएसवर मैल बघून वहीत पेन्सिलीने लिहितोय.

एका गॅरेजवाल्याने 'अख्खं मीटरच बदला' म्हणून सांगितलं. दुसऱ्या गाडीचे मैल माझ्या डॅशबोर्डवर नकोत मला. म्हणून विचारतो:

सुई न काढता आतल्या गिअरपर्यंत हात पोचतो का? तुटलेला दाता चिकटवून चालेल का? आणि उघडलंच आहे तर न मोजलेले मैल आकड्यात पुढे ढकलावेत का? खरा आकडा दिसावा एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद

सुई चालतेय म्हणजे मागच्या ट्रान्सॲक्सलवरचा (गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद देणारा भाग एकत्र असलेला डबा) सेन्सर आणि वायरिंग ठीक. ट्रिप आणि मुख्य आकडा दोन्ही एकदम थांबले, म्हणजे त्यांना फिरवणाऱ्या छोट्या मोटरजवळचा प्लास्टिकचा गिअर गेला. त्या काळच्या व्हीडीओ (VDO) कंपनीच्या मीटरांचं हे नेहमीचं दुखणं आहे. उन्हाने आणि वयाने प्लास्टिक ठिसूळ होतं, दाते आधीच झिजलेले असतात, आणि चालत्या गाडीत ट्रिप शून्यावर आणली की शेवटचा धक्का बसतो. ते बटण गाडी उभी असतानाच दाबायचं, हे घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

सुई बहुतेक काढावीच लागेल. थांबवणाऱ्या खिळीवरून ती अलगद उचलून पलीकडे सोडा आणि मोकळी जिथे स्थिरावते तिथे तबकडीवर टेपचा तुकडा लावा. परत बसवताना तीच जागा पकडली नाही तर वेग कायम चुकीचा दिसेल. घाई याच पायरीला नडते.

चिकटवू नका. दाते फार बारीक आहेत आणि गोंद आकड्यांच्या चाकांत गेला तर सगळंच गेलं. नवे गिअर सुटे मिळतात, पण जुन्याचे दाते मोजूनच मागवा. तुटलेले दातेही मोजणीत धरा. आतले तुकडे चिमट्याने वेचून काढा. साधं ग्रीस लावू नका, प्लास्टिकला मानवत नाही.

आणि आकडा पुढे ढकलू नका. हेतू चांगला आहे, पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात दुरुस्तीनंतर आकडा आधी होता तोच राहिला पाहिजे. ते शक्यच नसेल तर मीटर शून्यावर आणून, आधीचा आकडा आणि दुरुस्तीची तारीख लिहिलेली चिठ्ठी डाव्या दाराच्या चौकटीला लावावी लागते. मधले मैल वहीतच लिहा. बेल्टचं विचाराल तर मैलांची वाट पाहू नका. चार वर्षं उलटली असतील तर आत्ताच बदला.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री उघडलं. गिअरचे तीन दाते गायब, त्यातला एक मोटरच्या वर्म गिअरमध्ये (स्क्रूसारखे आटे असलेल्या दांडीत) रुतलेला. उरलेले दाते भिंगाखाली दोनदा मोजले, मोकळ्या जागेत तीन धरले आणि मागणी नोंदवली. वहीत बेल्टची तारीख पाहिली तर पाच वर्षं झालीत. गाडी आता जॅकवर आहे, बेल्ट झाल्याशिवाय खाली उतरवणार नाही. पेन्सिलीची बेरीज २१४ मैल झाली, ती पेनाने पक्की केली आणि शेजारी लिहिलं, 'मीटर बंद'.