मराठी नावपट्टीच्या ॲनिमेशनमध्ये जोडाक्षरं फुटतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लाइव्ह मुलाखतीत पाहुण्यांच्या नावाची पट्टी, म्हणजे लोअर थर्ड, मी एचटीएमएलमध्ये बनवून ओबीएसच्या (लाइव्ह प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरच्या) ब्राउझर सोर्समधून, म्हणजे वेबपान दृश्यात दाखवणाऱ्या सोयीतून दाखवतो. कॅनव्हास १९२० बाय १०८०, पार्श्वभूमी पारदर्शक. इथवर सगळं छान चालतं.

नाव एकेक अक्षराने उमटावं म्हणून जावास्क्रिप्टने ते तोडून प्रत्येक तुकडा वेगळ्या इनलाइन-ब्लॉक स्पॅनमध्ये, म्हणजे ओळीतल्याच स्वतंत्र चौकटीत टाकला. 'ज्ञानेश्वर' लिहिलं, तर 'ज्ञ' फुटला आणि 'ने'ची मात्रा ठिपक्यांच्या गोलावर लटकत राहिली. पाहुण्याचं नाव असं दिसणं मला अजिबात पटत नाही. आधी लेटर-स्पेसिंगमुळे (अक्षरांमधल्या जादा अंतरामुळे) शिरोरेषाही तुटत होती, ते शून्य केल्यावर ती सांधली गेली.

आता इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter, मजकूर अक्षरांत तोडणारी जावास्क्रिप्टमधली सोय) वापरून पाहतोय. मात्रा अक्षराला चिकटून राहते, पण माझ्याकडे 'श्व'सारखं जोडाक्षर अजून दोन तुकड्यांत येतं. हलन्तानंतरचं व्यंजन आपणच आधीच्या तुकड्याला जोडावं का? की अक्षरं तोडायचीच नाहीत आणि क्लिप-पाथने (दिसणारा भाग ठरवणाऱ्या सीएसएस गुणधर्माने) अख्खं नाव डावीकडून उघडत न्यावं? तसं केल्यास रफार, वेलांट्या वरून कापल्या जाऊ नयेत म्हणून लाइन-हाइट (ओळीची उंची) किती ठेवता? कुणी मराठीत हे केलं असेल तर कोडचा तुकडा जरूर दाखवा.