गांजा बंद केल्यावरची दुःस्वप्नं: मूळ आजार की विथड्रॉवल (सवय तोडल्यावरचा त्रास)?

फिनिक्सवासी
इराक-अफगाणिस्तानातून परतलेले बरेच अमेरिकन सैनिक पीटीएसडीवर, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे लागणाऱ्या मानसिक आजारावर, गांजा ओढतात. न्यू मेक्सिको राज्याने २००९ मध्येच वैद्यकीय गांजाच्या यादीत पीटीएसडी घातला. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मात्र लिहून देऊ शकत नाहीत, केंद्राचा कायदा आडवा येतो. आमच्या शेजारच्या माजी सैनिकाचं म्हणणं सरळ आहे: ओढला की झोप लागते, बंद केला की चार दिवसांत किंचाळत उठतो. आणखी काय पुरावा हवा? गुण येतोय तर द्या की!

निशाचर_एमडी
हा पुरावाच नव्हे. रोज ओढणाऱ्या कोणाचाही गांजा तोडा, त्याने युद्ध पाहिलेलं असो वा नसो. एक-दोन दिवसांत चिडचिड, घालमेल, जेवण नकोसं होणं, झोपेचं खोबरं आणि भयंकर स्वप्नं सुरू. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, हे रीतसर नोंदलंय. पहिल्या आठवड्यात जोर असतो, दोनेक आठवड्यांत उतरतो. झोपेची तक्रार महिन्याच्या पुढेही रेंगाळू शकते. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, स्वप्नांची झोप दाबून ठेवतं, ते थांबलं की स्वप्नं उसळून येतात.

आता पीटीएसडीची लक्षणं शेजारी ठेवा. चिडचिड, निद्रानाश, दुःस्वप्नं! चौथ्या रात्री दचकून उठलेल्याने कशावरून ओळखायचं कुठलं काय? तो पुन्हा ओढतो, शांत झोपतो आणि म्हणतो, औषध लागू पडलं.

फिनिक्सवासी
म्हणजे नशेडी ठरवून मोकळे. नीट चाचणी करा ना आधी.

निशाचर_एमडी
नशेडी कोण म्हणालं? आणि चाचणी झाली की, तुमच्याच ॲरिझोनात. ८० माजी सैनिक, तीन आठवडे. कोणाला टीएचसी जास्त असलेला गांजा, कोणाला सीबीडी (नशा न आणणारा घटक) जास्त असलेला, कोणाला दोन्ही सारखे, कोणाला दोन्ही जवळपास नसलेला, नावापुरता. २०२१ मध्ये निकाल छापून आला: नावापुरता ओढणाऱ्यांसकट सगळेच सुधारले, गटागटांत दखल घेण्याजोगा फरक नाही.

सातारकर
८० माणसं चार गटांत, म्हणजे गटाला वीसेक. त्यावर एवढा जोर नको डॉक्टर. शिवाय 'आधी गांजा सोड, मग उपचार' म्हणणारे तुमच्यातलेच. तो महिना काढायचा कोणी?

भोलेनाथ
आमच्याकडे भांग चालते बरं का, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यातून पानं आणि बिया वगळल्यात 😀

निशाचर_एमडी
@भोलेनाथ वेगळा धागा काढा.
@सातारकर चाचणी छोटी आहे, मान्य. पण छोट्या चाचणीतून 'चालतो' हेही सिद्ध होत नाही, आणि दावा तर तोच आहे. 'आधी सोड' ही अट मलाही पटत नाही. अमेरिकेची २०२३ ची सरकारी मार्गदर्शिका पीटीएसडीसाठी गांजा नको म्हणते, पण व्यसन आहे म्हणून उपचार अडवू नका, असंही म्हणते. माझ्या मते थेरपी आधी सुरू करावी, गांजा तिच्या सोबतीने उतरवावा. एकट्याने घरी बसून एका झटक्यात तोडणारे काही जण दारूकडे वळतात.

फिनिक्सवासी
थेरपीला नंबर लागेपर्यंत त्याने रात्री काय करायचं, ते सांगा. तोवर त्याच्या हातचा गांजा काढून घ्यायला मी तयार नाही.

निशाचर_एमडी
काढून घ्या म्हणतच नाहीये. किती आणि कधी ओढतो ते थेरपिस्टला आणि डॉक्टरला खरं सांगू दे, एवढं तरी करा. ते लपवलं की डॉक्टर औषधांचा डोस वाढवत बसतो.