सोसायटी ग्रुप: क्लब हाऊसचं व्हॅक्यूम मशीन

कुलकर्णी काकू (बी-७०३): सर्वांना नमस्कार. दसऱ्याच्या साफसफाईसाठी आज मशीन घ्यायला गेले. टाकीच्या तळाला गढूळ पाणी, आत कागदी पिशवीचा लगदा आणि फिल्टरला बुरशी. शेवटची नोंद कोणाची आहे ते रजिस्टरमध्ये आहेच, नाव घेत नाही. पण पुढे ज्यांनी नावं लिहिलीत त्यांनी काय करायचं?

भोसले वहिनी (सी-१०४): नाव न घेता बोट आमच्याकडेच आहे, कळलं काकू. बाल्कनीत शिरलेलं पावसाचं पाणी काढलं. मशीनवर ओलं-सुकं दोन्ही चालतं असं छापलंय की नाही?

नाईक (ए-२०१): वहिनी, छापलंय ते बरोबर आहे. फक्त पाणी ओढायच्या आधी कागदी पिशवी आणि घड्यांचा गोल फिल्टर दोन्ही काढायचे आणि मोटरखालच्या जाळीवर स्पंजचा काळा मोजा चढवायचा. तो मोजा कपाटात वरच्या खणात आहे. टाकी भरली की आतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारी झडप) वर येऊन हवेचं तोंड बंद करतो, आवाज एकदम चढतो आणि ओढ थांबते. तिथेच बटण बंद करायचं. आणखी एक, साबणाच्या फेसाने फ्लोट उचलला जात नाही. फेस सरळ मोटरपर्यंत जातो. साबणाचं पाणी शक्यतो ओढूच नका.

भोसले वहिनी (सी-१०४): हे कोणी सांगितलं होतं का कधी? मशीन दिलं, चावी दिली, संपलं.

सेक्रेटरी शिंदे: वहिनी, मुद्दा मान्य. सूचना लॅमिनेट करून मशीनला बांधतो. नाईक साहेब, मशीन वाचेल ना?

नाईक (ए-२०१): मोटर चालू आहे. टाकी आणि पाइप धुऊन पूर्ण वाळवा. बुरशी लागलेला फिल्टर धुऊन वापरू नका, नवाच घ्या. नाहीतर तोच वास प्रत्येकाच्या घरात जाईल.

पाटणकर काका (ए-६०२): जुन्यात पैसे घालण्यापेक्षा नवा घ्या. २००० वॅटचा. दिवाळी ऑफर चालू आहे.

जगताप (सी-३०५): नव्या मशीनला पैसे आहेत आणि पार्किंगच्या गळतीला नाहीत?

सेक्रेटरी शिंदे: जगताप, तो विषय रविवारच्या मीटिंगमध्ये आहे. कृपया इथे नको.

नाईक (ए-२०१): काका, वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. कचरा किती ओढतं ते त्यावरून कळत नाही. युरोपियन युनियनने तारेवर चालणाऱ्या घरगुती मशीनची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅट केली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटवर आणली. तिथली घरं काही अस्वच्छ झाली नाहीत. ओढ किलोपास्कलमध्ये (हवेच्या दाबाचं माप) बघा, पण तेवढ्यावरही भुलू नका. तो आकडा तोंड बंद ठेवून मोजतात. सेकंदाला किती लिटर हवा खेचली जाते तेही हवं, कारण कचरा वाहून नेते ती हवा.
शिवाय २००० वॅटला २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर लागतात. आपल्या हॉल-बेडरूमचे सॉकेट ६ अँपिअरचे. लोक एक्स्टेंशन बोर्डवर लावणार आणि बोर्ड वितळणार.

पाटणकर काका (ए-६०२): तरी २००० वॅट म्हणजे २००० वॅट. ऑफर रविवारपर्यंतच आहे.

मयूर (बी-४०१): काका, त्यात क्लब हाऊससकट ओढून नेईल 😄 रोबो घेऊया ना, सगळे घेतात.

कुलकर्णी काकू (बी-७०३): मयूर, रोबो आपापल्या घरात ठीक. रोजची फरशीवरची धूळ आणि केस तो छान काढतो. पण बहुतेक रोबो दीड-दोन सेंटीमीटरच्या वर उंबरा चढत नाहीत. चार्जरच्या वायरी, गालिच्याच्या झालरी ब्रशमध्ये गुंडाळतो. गादी, सोफा, पडद्यांची पेल्मेट, पंखे यांचं काय? दसऱ्याला लोकांना तेच करायचं असतं. बॅटरीवाला हातातला घेतलास तर पूर्ण जोरावर बऱ्याचदा दहा मिनिटांत दम तोडतो. पंधरा घरांत फिरवायचं ते काम नव्हे.

देशमुख (बी-६०२): विषय निघालाच आहे म्हणून. मशीनचा डबा डक्टमध्ये कोण झटकतं? खाली आमचे कपडे वाळत असतात. तिसऱ्यांदा लिहितोय.

मयूर (बी-४०१): आमच्याकडून नाही.

देशमुख (बी-६०२): तुझं नाव घेतलेलं नाही. तूच आधी उत्तर दिलंस.

सेक्रेटरी शिंदे: कृपया शांततेने घ्या.

कुलकर्णी काकू (बी-७०३): डबा कचऱ्याच्या मोठ्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड हाताभोवती आवळायचं, मग आतल्या आत आपटायचा. दोन मिनिटं धूळ बसू द्यायची आणि डबा हळू बाहेर काढायचा. डबा किंवा पिशवी पाऊण भरली की रिकामी करायचीच. त्यापुढे ओढ पडते आणि लोक मशीनला नावं ठेवतात.

पाटणकर काका (ए-६०२): ओढ पडते म्हणूनच २००० वॅट म्हणतोय.

नाईक (ए-२०१): काका, ओढ पडली की आधी पाइप काढून मशीनच्या तोंडावर तळहात धरा. तिथे जोर असेल तर अडथळा पाइपमध्ये आहे. बहुतेक वेळा हँडलच्या वळणात केसांचा आकडा अडकतो आणि त्याला केस धरतात. तोंडावरच जोर नसेल तर फिल्टर तुंबला. दोन्हीकडे वॅटचा संबंध नाही.
बी विंगमध्ये फर्निचरचं काम चालू आहे त्यांना खास विनंती: भिंत घासल्यावरची पुट्टीची धूळ या मशीनने ओढू नका. फिल्टर काही मिनिटांत बुजतो. मग लोक तो पाण्याने धुतात. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं, पाणी लागलं की घड्यांमध्येच घट्ट बसतं. ओढायचीच असेल तर न विणलेल्या जाड कापडाची पिशवी तुमची तुम्ही आणा. रांगोळीचंही तसंच, आधी सुपलीत भरा, उरलेली ओढा. उदबत्तीची किंवा फटाक्यांची राख तर अजिबात नको, आत एक ठिणगी जिवंत असली तरी पिशवी पेटते.

सौ. इनामदार (ए-४०३): गादीसाठी कोणतं तोंड लावायचं? मुलाला दमा आहे, धूळ चालत नाही.

कुलकर्णी काकू (बी-७०३): तळहाताएवढं रुंद, ब्रशचे केस नसलेलं छोटं तोंड. सावकाश ओढा, आधी उभं मग आडवं. शिवणीच्या कडेला चपटं तोंड. धूळ तिथेच जास्त बसते. फिल्टर नवा घेताना नुसतं हेपा (बारीक धूळ अडवणारा फिल्टर) लिहिलेलं चालणार नाही, एच१३ हा दर्जा लिहिलेलं बघा. तो बारीक कण ९९.९५ टक्के अडवतो. पण रबराची गास्केट नीट बसली नाही तर हवा बाजूने निसटते आणि धूळ पुन्हा खोलीतच येते. मुलाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेव, नंतर अर्धा तास खिडक्या उघड्या.

सौ. इनामदार (ए-४०३): धन्यवाद काकू 🙏

भोसले वहिनी (सी-१०४): नवा फिल्टर आम्ही आणतो. बिल ग्रुपवर टाकू नका, फिल्टरचा कोड तेवढा पाठवा.

सेक्रेटरी शिंदे: वहिनी, मनापासून आभार. कोड मशीनच्या तळाच्या स्टिकरवर आहे, फोटो पाठवतो. यापुढे मशीन परत देताना वॉचमनसमोर झाकण उघडून टाकी कोरडी दाखवायची.

जगताप (सी-३०५): आणि पार्किंगची टाकी कोरडी कोण दाखवणार?

नाईक (ए-२०१): शिंदे साहेब, स्टिकरच्या फोटोत मॉडेल नंबरही येऊ द्या. त्याच आकाराचे फिल्टर दोन उंचीत येतात. आखूड बसवला तर वरून फट राहते.